राणीच्या घरची पंतोजीबाई

थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात येते. नायकाची वंशावळ चार-चार पृष्ठे व्यापते, त्याच्या स्नेह्यासोबत्यांची नावे सूचीत मानाने झळकतात. परंतु ज्या बाईने त्याला हाताला धरून चालविले, अक्षर गिरवायला लाविले आणि दुखण्यात रात्र रात्र उशाशी बसून काढली, तिच्या वाट्यास एखाददुसरा परिच्छेद येतो, आणि तोही बहुधा तिच्या विक्षिप्तपणाचा. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आमच्या वाचकांस परकी नाही. मुंबईचे बोरीबंदरचे स्थानक १९९६ पर्यंत तिच्याच नावाने ओळखले जाई, आणि तिच्या मुखवट्याचे जुने रुपये लक्ष्मीपूजनाच्या ताटात अद्यापि कित्येक घरी निघतात. या राणीला लहानाची मोठी करणाऱ्या लुईझ लेत्सेन नावाच्या जर्मन बाईंविषयी चरित्रकारांनी हौसेने सांगितलेली गोष्ट कोणती म्हणाल, तर त्या लोण्याच्या पावावर, कोबीवर, फार काय भाजलेल्या मांसावरदेखील शहाजिरे पेरून खात! इंग्रजांस याचे मोठे हसू येई. शहाजिऱ्याचे गुण आमच्या वाचकभगिनींस निराळे सांगावयास नकोत. मुलूख सोडून आलेल्या माणसाच्या जिभेला घरची चव हवीशी वाटते, याहून अधिक अर्थ आम्ही त्यातून काढीत नाही.

लेत्सेनबाईंचा जन्म १७८४ मधला. वडील हॅनोव्हरकडील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक. घरात मुले पुष्कळ, मिळकत बेताची. असल्या घरातील शिकलेल्या, अविवाहित मुलीस त्या काळी युरोपात अब्रूने पोट भरण्याचा एकच मार्ग मोकळा असे, तो म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलांस शिकविणे. यासच तिकडे गव्हर्नेसची नोकरी म्हणत. आपल्याकडील जुना पंतोजीबाई हा शब्द तिला बराच जवळचा आहे. लेत्सेनबाईंनी आधी एका जर्मन उमराव घराण्यातील मुलींस शिकविले. तेथील शिफारस चांगली मिळाल्यामुळे १८१९ मध्ये त्या डचेस ऑफ केंट हिच्या पदरी रुजू झाल्या. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीचे होते.

हे घर कसे होते, ते थोडे समजून घेतले पाहिजे. डचेस ही कोबुर्गची राजकन्या. पहिला नवरा लायनिंगेनचा राजा. तो वारल्यावर पदरी एक मुलगा व एक मुलगी असताना तिने इंग्लंडच्या राजाच्या चौथ्या मुलाशी दुसरा विवाह केला. मूल इंग्लंडच्या भूमीवर जन्मावे, या हेतूने गर्भारपणातच जर्मनीहून सारे बिऱ्हाड गाड्यांवर घालून लंडनला आणण्यात आले, आणि २४ मे १८१९ रोजी केन्सिंग्टनच्या राजवाड्यात व्हिक्टोरियाचा जन्म झाला. पुढे पुरते वर्षही लोटले नाही तोच, २३ जानेवारी १८२० रोजी, नवरा वारला. मागे राहिली ती परक्या देशातील एक विधवा, तीन मुले आणि नवऱ्याने करून ठेवलेले कर्ज. भाषा येईना, सासरच्या मंडळींत प्रेम नव्हते, आणि थोरला दीर चौथा जॉर्ज गादीवर आला, त्याची इच्छा तर हिने उठून माहेरी निघून जावे अशी. माहेरचा भाऊ लिओपोल्ड इंग्लंडातच राहत होता. त्याची नेमणूक मोठी होती, म्हणून त्याने हात दिला. पुढे १८२५ मध्ये पार्लमेंटने मुलीच्या संगोपनासाठी सालीना ६,००० पौंड मंजूर केले. बाहेरून पाहणाऱ्यास तो राजवाडा. आत जर्मन बोलणारी, एकमेकांकडे साशंक नजरेने पाहणारी आणि यजमानांच्या मर्जीवर टिकून असलेली परदेशी माणसे.

लेत्सेनबाई प्रथम आल्या त्या थोरल्या मुलीसाठी, बारा वर्षांच्या फेओडोरासाठी. व्हिक्टोरिया तेव्हा काही महिन्यांची होती. ती पाच वर्षांची झाली, तेव्हा १८२४ मध्ये तिला लेत्सेनबाईंच्या स्वाधीन करण्यात आले. मुलगी हट्टी, तापट आणि अभ्यासाची नावड असलेली. बाई शिस्तीच्या, करड्या. परंतु केस विंचरताना मुलगी चुळबुळ करते, तर त्या वेळी तिला गोष्ट किंवा इतिहास वाचून दाखवावा, एवढे शहाणपण त्यांच्यापाशी होते. मुलीस समवयस्क सोबती जवळजवळ नव्हतेच. म्हणून दोघींनी मिळून लाकडी बाहुल्यांना कपडे शिविले. नाटकातील नट्यांचे व दरबारातील स्त्रियांचे पोषाख घातलेल्या त्या बाहुल्यांची संख्या १३२ पर्यंत गेली. मोजपट्टीएवढ्या बाहुलीचे झगे, टोप्या, हातरुमाल चाळिशी उलटलेल्या बाईने दिव्याच्या उजेडात शिवीत बसावे, यात किती तास गेले असतील याचा हिशेब शिवणकाम करणाऱ्या कोणत्याही स्त्रीने मनाशी करावा.

त्या काळातील सर्वसाधारण गव्हर्नेसची स्थिती याहून पुष्कळच वाईट असे, हेही येथे सांगणे अवश्य आहे. चाकरमाणसांत तिची गणना नाही, कारण ती कुलीन आणि शिकलेली. घरच्या माणसांतही नाही, कारण ती पगारी. नोकरांच्या पंगतीस ती बसावयाची नाही आणि यजमानांच्या पंगतीस तिला बोलावणे नाही. सबब ताट खोलीवर. ‘जेन एअर’ ही १८४७ मधील कादंबरी लिहिणाऱ्या शार्लट ब्राँटीने ही नोकरी स्वतः भोगली होती. १८४१ मध्ये तिला सालीना २० पौंड मिळत, आणि धुलाईचे पैसे वजा जाता हाती सोळाच उरत. म्हातारपणी अशा बायकांचे हाल कुत्रा खाईना, म्हणूनच १८४३ मध्ये त्यांच्या साहाय्यार्थ लंडनात एक संस्था स्थापन करावी लागली, आणि तिच्याच खटपटीतून १८४८ मध्ये क्वीन्स कॉलेज निघाले. या मानाने पाहता लेत्सेनबाई भाग्यवान. १८२७ मध्ये चौथ्या जॉर्जने त्यांस हॅनोव्हरची ‘बॅरोनेस’ ही पदवी दिली. परंतु त्यातही मेख अशी की, गादीच्या वारसदार मुलीभोवती सामान्य कुळातील बाई शोभत नाही म्हणून ती पदवी; बाईंच्या गुणांचे ते चीज नव्हे.

डचेसच्या घरी खरा कारभार चाले तो सर जॉन कॉन्रॉय या कारभाऱ्याचा. मुलगी अज्ञान असतानाच गादीवर आली, तर राज्य तिच्या आईच्या नावाने आणि आपल्या हाताने चालावे, असा त्याचा बेत. त्यासाठी मुलीस सर्वांपासून तोडून ठेवण्याची एक पद्धतच त्याने घातली. तिने एकटीने कधी असावयाचे नाही. निजावयाचे ते आईच्याच खोलीत. जिना उतरावयाचा तोदेखील कोणाचा तरी हात धरून. १८२८ मध्ये फेओडोराचे लग्न होऊन ती जर्मनीस गेली. थोड्याच दिवसांत डचेसची जुनी जर्मन सखी बॅरोनेस श्पेट हिलाही कॉन्रॉयच्या मनातून उतरल्यामुळे निरोप मिळाला. यापुढची पाळी आपली, हे लेत्सेनबाईंस न कळण्याजोगे नव्हते. राजाने दिलेली पदवी, राजकुटुंबातील काहींची मर्जी आणि स्वतःचे मुके तोंड, एवढ्याच आधारावर त्या टिकल्या. १८३१ मध्ये डचेस ऑफ नॉर्थंबरलंड हिला ‘गव्हर्नेस’ म्हणून नेमण्यात आले. नाव तिचे झाले, काम पूर्वीप्रमाणे लेत्सेनबाईंचेच राहिले.

११ मार्च १८३० ची गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात लेत्सेनबाईंनी राजघराण्याची वंशावळ मुद्दाम घालून ठेविली. दहा वर्षांच्या मुलीने ती पाहिली, आणि आपण गादीच्या किती जवळ आहो हे तिला उमगले. आपण चांगले वागू, असे ती त्या वेळी शांतपणे म्हणाली, ही हकीकत आज सर्वत्र सांगितली जाते. तिचा मूळ आधार म्हणजे लेत्सेनबाईंनी १८६७ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी राणीस लिहिलेले पत्र होय. त्याच मजकुराशेजारी राणीने स्वहस्ते टीप लिहून ठेविली आहे की, ते कळल्यावर मी फार रडले होते. शिक्षिकेच्या आठवणीत विद्यार्थिनीचे शहाणपण तेवढे उरले, आणि विद्यार्थिनीच्या आठवणीत रडणे, असे व्हावयाचेच.

बाईंची खरी कसोटी लागली ती १८३५ च्या ऑक्टोबरात. समुद्रकाठच्या रॅम्सगेट गावी व्हिक्टोरियास मोठा ताप आला. आई व कॉन्रॉय दोघांनी आधी दुखण्याकडे दुर्लक्ष केले. लेत्सेनबाईंनी डॉक्टरास आणण्याविषयी हट्ट धरला, तेव्हा त्यांचीच टवाळी झाली. पुढे मुलगी अंथरुणावर पडलेली असताना, कॉन्रॉयला आपला खासगी चिटणीस नेमण्याच्या कागदावर तिची सही घेण्यासाठी दोघांनी तिच्यावर दडपण आणिले. सोळा वर्षांच्या त्या मुलीने सही केली नाही. तिच्या पाठीशी त्या खोलीत एकच व्यक्ती उभी होती, आणि त्या व्यक्तीचा पगार याच आईच्या तिजोरीतून येत होता. आमच्या मते लेत्सेनबाईंच्या साऱ्या आयुष्याचा अर्थ या एका प्रसंगात साठविला आहे. ज्याचे अन्न खावे त्याची बाजू धरावी, ही इमानाची एक व्याख्या. जे मूल आपल्या हवाली केले त्याची बाजू धरावी, ही दुसरी. दोन्ही एकदम पाळता येईनात, तेव्हा बाईंनी दुसरी निवडली.

२० जून १८३७ रोजी पहाटे चौथा विल्यम वारल्याची वार्ता घेऊन मंडळी केन्सिंग्टनला आली. अठरा वर्षांच्या राणीने त्याच दिवशी आपला पलंग आईच्या खोलीतून हलविण्याची आज्ञा केली. लेत्सेनबाई मात्र जवळच राहिल्या. पुढल्या वर्षी राज्याभिषेकाच्या समारंभात वर बसलेल्या लेत्सेनबाईंकडे पाहून आपण हसलो, आणि त्याही हसल्या, हे राणीने रोजनिशीत प्रेमाने टिपून ठेविले आहे. सगी आई त्याच राजवाड्यात दूरच्या दालनात राहत असताना ही जवळीक. आईचा अपराध कितीही असो, तिला हे पाहणे कसे झाले असेल, याचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता बाईंना हुद्दा काय द्यावा, असा प्रश्न निघाला. त्यांनी कोणताही सरकारी हुद्दा घेण्याचे नाकारले. मंत्री आत येत, तेव्हा त्या दुसऱ्या दाराने निघून जात. मंत्री गेले की परत येत. राजवाड्यातील खर्चाची देयके त्यांच्या सहीवाचून चुकती होत नसत. आपल्या भाषेत सांगावयाचे तर किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, पण घरात त्यांचे नाते कोणतेच नव्हते. सासूच्या कमरेच्या किल्ल्या सुनेकडे जाताना धुसफूस कितीही होवो, सासूचे सासूपण कोणी काढून घेऊ शकत नाही. ज्या बाईपाशी नुसताच विश्वास आहे, तिचे तसे नसते.

बाई निर्दोष होत्या असे मात्र आम्ही म्हणत नाही. १८३९ मध्ये डचेसच्या पदरची लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज हिचे पोट वाढलेले दिसू लागले. ती अविवाहित, शिवाय कॉन्रॉयच्या बाजूची. राणी व लेत्सेनबाई दोघींनीही नको तो संशय घेतला आणि तो दरबारात पसरू दिला. बिचारीला वैद्यकीय तपासणीची विटंबना सोसावी लागली. तिला यकृताचा असाध्य विकार होता. जुलैमध्ये ती वारली. केन्सिंग्टनमधील वीस वर्षांच्या वैराने बाईंची दृष्टी किती गढूळ केली होती, ते यावरून दिसते. वयाने व अनुभवाने वडील अशा स्त्रीने त्या वेळी राणीला आवरावयास हवे होते. त्यांनी आवरले नाही, हा डाग धुण्याजोगा नाही.

१० फेब्रुवारी १८४० रोजी राणीचा विवाह मामेभाऊ अल्बर्ट याच्याशी झाला. एकवार या नवऱ्याच्या जागी बसून पाहू. आपल्याकडे घरजावयाची जी स्थिती, तीच त्याची, आणि सासर म्हणजे अर्ध्या जगावर पसरलेले राज्य. कागदपत्रांत त्याला वाटा नाही. खर्चात बोलावयाची सोय नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने एका मित्रास लिहिले की, मी या घरात नवरा आहे, धनी नव्हे. शिवाय राजवाड्याचा कारभार खरोखरच अंदाधुंदीचा होता. चुलीत लाकडे रचण्याचे काम एका खात्याचे आणि ती पेटविण्याचे दुसऱ्याचे. खिडकीची तावदाने आतून एकाने पुसावयाची आणि बाहेरून दुसऱ्याने. काटेकोर, हिशेबी स्वभावाच्या तरुणास हे सहन होणे कठीण, आणि या कारभाराची प्रत्यक्ष मूर्ती म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर कोण, तर पन्नाशी उलटलेली शहाजिरे खाणारी पंतोजीबाई. गंमत अशी की दोघेही जर्मन, दोघेही आश्रित, दोघांचाही आधार एकच बाई. बाहेरून आलेल्या दोन माणसांस एका घरात एकच जागा असली म्हणजे जे होते ते झाले.

ठिणगी पडली ती पाळणाघरात. थोरली राजकन्या नोव्हेंबर १८४० मध्ये जन्मली, युवराज १८४१ च्या नोव्हेंबरात. मुलीची प्रकृती खालावत चालली, वजन घटू लागले. डॉक्टर क्लार्क पाऱ्याचे औषध देत होता. आज वाचताना अंगावर काटा येतो. १८४२ च्या जानेवारीत राणी व अल्बर्ट बाहेरगावाहून परतले, तो मूल अधिकच रोडावलेले. तेथे नवराबायकोचे जे भांडण जुंपले, ते पुढे कित्येक दिवस पत्रांतून चालले. मुलीला घेऊन जा आणि वाटेल ते कर, ती दगावली तर पाप तुझ्या माथी, अशा आशयाचे शब्द बापाने लिहिले. मध्यस्थ म्हणून जुना सल्लागार स्टॉकमार याला घालण्यात आले. त्याला लिहिलेल्या पत्रात अल्बर्ट लेत्सेनबाईंना मूर्ख, वेडसर, सत्तेची हाव असलेली कारस्थानी बाई म्हणतो. राणीची पत्रे निराळी. तिचे म्हणणे इतकेच की, जिने माझ्यासाठी एवढे केले तिला माझ्या घरात एक शांत कोपरा मिळावा आणि मला तिला मधून मधून भेटता यावे.

तो कोपरा मिळाला नाही. एप्रिलमध्ये मुलांचे खाते लेडी लिटल्टन या इंग्रज बाईकडे गेले. जुलैमध्ये अल्बर्टने राणीस सांगितले की, प्रकृतीच्या कारणास्तव लेत्सेन जर्मनीस जाऊ इच्छिते. कोणी काढून टाकिले नाही, कोणी राजीनामा दिला नाही. हुद्दाच नव्हता, तेव्हा राजीनामा कशाचा द्यावयाचा? एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस ही रीत ओळखीची वाटेल. बालविधवा आत्याने भाच्याचे चार मुलगे वाढविले, आणि सुनांचे राज्य आले तेव्हा एके दिवशी सर्वांनी एकमुखाने ठरविले की आत्याबाईंना आता काशीला जावेसे वाटते आहे. त्यांना खरोखर काय वाटते, हे विचारावयाचे तेवढे राहून जाते. अल्बर्टची बाजू आम्हांस समजते. घरात दोघांचा हुकूम चालत नाही, आणि राजवाड्याची घडी त्याने पुढे उत्तम बसविली. पण त्याच्या रागाच्या भरातील चार विशेषणे चरित्रकारांनी पुढील शंभर वर्षे बाईंचे शीलवर्णन म्हणून उतरून घ्यावीत, हे न्यायाचे नव्हे. आणि राणीचे काय? देशोदेशींच्या मंत्र्यांपुढे ताठ उभी राहणारी ही स्त्री या बाबतीत ताठ उभी राहिली नाही. संसार मोडता कामा नये, या विवंचनेत तिने आपल्या बाईंना जाऊ दिले. तिला दोष देताना आमचे मन कचरते, पण तिने त्यांना जाऊ दिले हे खरे.

१८४२ च्या सप्टेंबरअखेर, निरोपाचे दुःख नको म्हणून राणीस प्रत्यक्ष न भेटता लेत्सेनबाई निघून गेल्या. सालीना ८०० पौंडांची नेमणूक आणि एक गाडी त्यांस मिळाली. त्या ब्यूकेबुर्ग या लहानशा गावी बहिणीजवळ जाऊन राहिल्या. काही महिन्यांतच ती बहीण वारली. राणी प्रथम दर आठवड्यास पत्र लिही. आपल्याला इतका वेळ देऊ नये, महिन्यास एक पुरे, असे बाईंनीच सुचविले. घराच्या भिंती राणीच्या तसबिरींनी भरून गेल्या होत्या. मिळालेल्या नेमणुकीतून त्या भावाच्या मुलांचे पाहत. १८४५ मध्ये राणी जर्मनीस आली असता गोथा येथे दोघींची भेट झाली. पुढे १८५८ मध्ये राणीची आगगाडी ब्यूकेबुर्गवरून जाणार असे कळल्यावर म्हाताऱ्या बाई स्थानकाच्या फलाटावर हातरुमाल हलवीत उभ्या राहिल्या होत्या, असे सांगतात. गाडी थांबली नाही.

९ सप्टेंबर १८७० रोजी, शहाऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्या वारल्या. तेव्हा राणीने जर्मनीत नांदत असलेल्या आपल्या थोरल्या मुलीस पत्र लिहिले. पाळणाघरातील त्या भांडणाच्या मुळाशी होते ते मूल म्हणजे हीच मुलगी. लेत्सेनने मला सहा महिन्यांची असल्यापासून पाहिले होते, पाचव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत तिने माझ्यावाचून दुसरा विचार केला नाही, मला तिचा धाक फार होता आणि प्रेमही फार होते, आणि त्या साऱ्या वर्षांत तिने एका दिवसाचीही रजा घेतली नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. ब्यूकेबुर्ग येथे बाईंच्या थडग्यावर राणीने आपल्या खर्चाने दगडी स्मारक उभारविले.